तिकिटाचा रुपया जंगलापर्यंत पोहोचतो का? प्राणिसंग्रहालयं आणि वन्यजीवांसाठी उभा राहणारा निधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राधानगरी-दाजीपूरच्या वाटेवर, शाळांमधल्या कार्यक्रमांत आणि गणेशोत्सवातल्या व्याख्यानांनंतर कोल्हापूरकर मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथं एकत्र केले आहेत. काहींचं उत्तर दोन ओळींत संपतं, काहींना सविस्तर बोलावं लागतं.

प्राणिसंग्रहालयाचा आणि रानातल्या प्राण्याचा पैशाच्या बाबतीत संबंध काय?

रानातला प्राणी वाचवायला पैसा लागतो आणि तो सतत लागतो. वनमजुरांचा पगार, गस्तीच्या गाडीचं डिझेल, प्राण्यांचे आपोआप फोटो टिपणारे कॅमेरा ट्रॅप, वणवा अडवण्यासाठी उन्हाळ्यापूर्वी काढायच्या जाळरेषा, फासे शोधून काढणारी पथकं, पिकाचं नुकसान झालेल्या शेतकऱ्याची भरपाई, यातलं काहीच एकदा करून संपत नाही. दुसऱ्या बाजूला, प्राणी पाहायला माणसं हौसेनं पैसे मोजतात. वर्षाकाठी लाखो लोक एका फाटकातून आत जातात, तिथं थांबतात, खातात आणि मुलांना खेळणं घेऊन देतात. या गर्दीतून मिळालेल्या पैशाचा ठरावीक वाटा त्याच प्राण्यांच्या मूळ रानात पाठवायचा, अशी ही कल्पना आहे. ती मला मनापासून पटते. मात्र हा वाटा किती, तो कुणाकडे गेला आणि त्यातून काय झालं, हे प्रत्येक प्राणिसंग्रहालयानं उघडपणे सांगितलं पाहिजे.

कोल्हापुरात मोठं प्राणिसंग्रहालय नाही. मग आम्हाला याचं काय?

आपण प्राणी पाहायला बाहेर जातो. बेळगावच्या वाटेवर भुतरामनहट्टीला, पुण्यात कात्रजला, मुंबईत राणीच्या बागेत, म्हैसूरच्या सहलीत तिथल्या जुन्या प्राणिसंग्रहालयात. कोल्हापूर जिल्ह्यातून दरवर्षी किती शाळांच्या बसगाड्या या ठिकाणी जातात ते शिक्षकांना विचारा. म्हणजे पैसे आपले जातातच.

आणि आपल्या घराजवळ काय आहे ते पाहा. दाजीपूरचं गव्यांचं अभयारण्य १९५८ पासूनचं, महाराष्ट्रातलं पहिलं. त्याचंच आजचं राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं आहे आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश झाला. चांदोली आणि कोयना मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि त्याच्या क्षेत्र संचालकांचं कार्यालय कोल्हापुरातच आहे. विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं गोवा-कर्नाटकातून वर येणाऱ्या वाघाच्या वाटेवर आहेत. ज्या जंगलासाठी पैसा लागतो, ते जंगल आपल्या दाराशी आहे.

संस्थानकाळात कोल्हापुरात चित्ते पाळले जात. ते प्राणिसंग्रहालयच नव्हतं का?

चित्ते होते, पण ते काळवीटाच्या शिकारीसाठी. पिंजऱ्यात चित्त्याची पैदास होत नसे. जहांगीराच्या काळातली एक नोंद सोडली तर त्याचा दाखला सापडत नाही. म्हणून लागेल तसा प्राणी रानातून पकडून आणायचा, ही साऱ्या हिंदुस्थानातल्या दरबारांची रीत होती. देशी चित्ता मिळेनासा झाला तेव्हा कोल्हापूरसारख्या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. प्राणी सांभाळण्यात आपल्या माणसांचं कौशल्य मोठं होतं, यात शंका नाही. पण प्राणी हातात असला म्हणजे त्याची जात वाचतेच असं नाही. जिथून प्राणी उचलला त्या रानाला काहीच परत गेलं नाही, तर रान रिकामं होत जातं. प्राणिसंग्रहालयाच्या निधीबद्दल मी इतक्या आग्रहानं बोलतो त्याचं हे एक कारण आहे.

भारतात तिकिटाचे पैसे नेमके कुठं जातात?

प्राणिसंग्रहालय कुणाच्या मालकीचं आहे, त्यावर ते ठरतं. महापालिकेचं असेल, जसं पुण्याचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय किंवा मुंबईची राणीची बाग, तर पैसे महापालिकेच्या तिजोरीत जमा होतात आणि खर्चासाठी अंदाजपत्रकात तरतूद होते. राज्य सरकारचं असेल तर बऱ्याचदा सरकारी खजिन्यात. अशा व्यवस्थेत रानाकडे पैसा पाठवायची इच्छा असली तरी संचालकाच्या हाती मोकळी रक्कम नसते. त्याला प्राण्यांचं खाणं, औषधं, पगार आणि दुरुस्ती आधी पाहावी लागते.

कर्नाटकानं वेगळी वाट धरली. तिथं प्राणिसंग्रहालयांसाठी स्वतंत्र प्राधिकरण आहे आणि म्हैसूरचं प्राणिसंग्रहालय, जे १८९२ पासून चालू आहे, आपल्या फाटकावरच्या उत्पन्नावर उभं राहतं. त्याचा धोका करोनाच्या टाळेबंदीत दिसला. फाटक बंद म्हणजे उत्पन्न बंद. तेव्हा लोकांनी देणग्या आणि प्राणी दत्तक योजनेतून हात दिला. २०२१ साली एका लोकप्रिय कन्नड अभिनेत्यानं आवाहन केल्यावर तर दत्तक घेणाऱ्यांची रीघ लागली. मला यात एक धडा दिसतो: जिथं पैसा संस्थेच्या हातात राहतो आणि हिशेब लोकांना कळतो, तिथं लोक जास्त देतात.

कायद्याची बाजू अशी. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली प्राणिसंग्रहालयांवर वेगळं प्रकरण आलं आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं. त्याच्या मान्यतेशिवाय देशात प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. १९९८ च्या राष्ट्रीय धोरणानं तर स्पष्टच म्हटलं की प्राणिसंग्रहालयांचं मुख्य काम देशाच्या वन्यजीव संवर्धनाला बळ देणं हे आहे. म्हणजे रंजन हा मुख्य हेतू कागदावरही नाही.

बाहेरच्या देशांत हा पैसा कसा गोळा करतात?

पद्धती पुष्कळ आहेत. मला सर्वांत आवडते ती न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयाची. १९९९ साली त्यांनी काँगोच्या जंगलाचा मोठा विभाग उघडला, गोरिला वगैरे प्राण्यांचा. त्याला वेगळं, सुरुवातीला तीन डॉलरचं तिकीट ठेवलं. पाहून झाल्यावर बाहेर पडताना पाहुण्यासमोर पडदे असत. आपले तीन डॉलर मध्य आफ्रिकेतल्या कोणत्या कामाला द्यायचे, हे तो स्वतः बोटानं निवडत असे. कुणी गोरिलाला देई, कुणी हत्तीला, कुणी ओकापीला. पहिल्या दहाएक वर्षांत या एका विभागातून एक कोटी डॉलरच्या वर रक्कम उभी राहिली. नुसतीच देणगीची पेटी ठेवली असती तर त्यात एवढी रक्कम पडली नसती. माणसानं आत्ताच गोरिलाच्या डोळ्यात पाहिलेलं असतं आणि त्याच क्षणी त्याला निर्णय घ्यायला लावलेला असतो. शिवाय ब्रॉन्क्स चालवणारी संस्था स्वतःच आफ्रिका-आशियात जंगलांमध्ये काम करते, त्यामुळे पैसा मध्येच कुठं अडकत नाही.

कोलोरॅडोतल्या शायेन माउंटन प्राणिसंग्रहालयात प्रवेशाच्या वेळीच पाहुण्याला बिल्ले देतात. बिल्ला म्हणजे तिकिटातला ठरावीक वाटा. तो कोणत्या प्रकल्पाच्या पेटीत टाकायचा ते पाहुण्यानं ठरवायचं. लहान मुलं या पेट्यांसमोर बराच वेळ थांबतात.

स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला २००३ साली मादागास्करच्या मासोआला जंगलाची प्रतिकृती बंदिस्त दालनात उभारली. तिथल्या उपाहारगृहाच्या आणि दुकानाच्या उलाढालीतला वाटा मादागास्करमधल्या खऱ्या मासोआला राष्ट्रीय उद्यानाला जातो. मेलबर्नमध्ये लोकांकडून जुने मोबाइल गोळा केले, कारण मोबाइलमध्ये लागणारं कोल्टन हे खनिज काँगोत गोरिलांच्या रानातून खणलं जातं. फोन पुनर्वापराला गेले आणि मिळालेला पैसा गोरिलांच्या रक्षणाला. युरोपातली प्राणिसंग्रहालयं २००० सालापासून एकत्र येऊन एकेका विषयावर मोहीम चालवतात. कधी वाघ, कधी आग्नेय आशियातले पिंजऱ्यासाठी पकडले जाणारे गाणारे पक्षी.

सदस्यत्वाची वार्षिक वर्गणी, जिराफाला चारा घालायचं वेगळं तिकीट, पडद्यामागचं काम दाखवणारी फेरी, मृत्युपत्रातून दिलेल्या देणग्या हे सगळीकडे चालतंच.

प्राणी दत्तक घेतला तर तो पैसा जंगलात जातो का?

बहुतेक ठिकाणी नाही. दत्तक म्हणजे त्या प्राणिसंग्रहालयातल्या त्या प्राण्याच्या वर्षभराच्या खाण्यापिण्याचा आणि औषधाचा खर्च उचलणं. तुमच्या नावाची पाटी लागते, प्रमाणपत्र मिळतं, कधी मोफत प्रवेश. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वाघ-सिंह-बिबटे असे दत्तक दिले जातात. हे काम चांगलंच आहे, त्याला कमी लेखू नका. पण वाघ दत्तक घेतला म्हणजे सह्याद्रीतला वाघ वाचवला असा समज करून घेऊ नका. वाढदिवसाला बिबट्या दत्तक घेणाऱ्यांना माझी विनंती असते की तेवढीच नाही तरी थोडी रक्कम रानासाठीही बाजूला काढा.

राणीच्या बागेत पेंग्विन आल्यापासून उत्पन्न खूप वाढलं म्हणतात. मग पेंग्विनांना त्याचा काय फायदा?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. २०१६ साली हम्बोल्ट पेंग्विन मुंबईत आले, २०१७ मध्ये लोकांसाठी दालन उघडलं आणि त्याच वर्षी मोठ्यांचं तिकीट पाच रुपयांवरून पन्नास झालं. गर्दी तरीही वाढली. हे पेंग्विन मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथं त्यांना मासेमारीची जाळी, खाद्याची टंचाई आणि घरट्यांच्या जागेचा नाश यांचा धोका आहे. पक्ष्यांच्या विष्ठेचं जे खत साठतं त्यातच ते बिळं करतात आणि तेच खत माणसानं वर्षानुवर्षं खणून नेलं.

अमेरिकेतल्या सेंट लुइस प्राणिसंग्रहालयातही असेच पेंग्विन आहेत. तिथं प्रवेश फुकट आहे, कारण शहर आणि आसपासचे नागरिक मालमत्ता करातून त्याचा खर्च उचलतात. तरीही ते प्राणिसंग्रहालय पेरूतल्या पुंता सान हुआन या किनाऱ्यावरच्या पेंग्विन वसाहतीच्या रक्षणाला वर्षानुवर्षं पैसा आणि माणसं देत आलं आहे. फुकट प्रवेश देणारं प्राणिसंग्रहालय हे करू शकतं, तर पन्नास रुपयांच्या तिकिटातला एक रुपया पेरूच्या किनाऱ्यासाठी किंवा कोकणच्या किनाऱ्यावरच्या कासवांसाठी काढून ठेवणं मुंबईला जड जाऊ नये. मुंबई महापालिकेनं हे करावं असं मला मनापासून वाटतं.

चीन पांडा भाड्यानं देतो, ते काय आहे?

अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांनी पांडाच्या एका जोडीसाठी चीनला वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम दिली आहे. १९९८ च्या अमेरिकी धोरणानुसार हा पैसा रानातल्या पांडांच्या संवर्धनावरच खर्च व्हायला हवा. काही पैशातून राखीव जंगलं आणि गस्त उभी राहिली, काही इमारती-रस्त्यांवर गेल्याची टीकाही झाली. रक्कम मोठी असली तरी हिशेब मागणारा कुणीतरी हवाच.

रानात गेलेल्या पैशाचं पुढं होतं काय? एखादं आपल्याकडचं उदाहरण सांगा.

दोन सांगतो, दोन्ही भारतातली.

पहिलं गिधाडांचं. नव्वदच्या दशकात आपल्या डोळ्यांदेखत गिधाडं संपली. पांढऱ्या पाठीचं गिधाड तर नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त घटलं. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जातं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी होतात, हे २००४ साली सिद्ध झालं. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅकवरही. पण तोवर पक्षी उरलेच थोडे होते, म्हणून हरियाणात पिंजोरला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि तिथल्या वन विभागानं पैदास केंद्र उभारलं. त्याला सुरुवातीचं बळ देणाऱ्यांत ब्रिटनचा सरकारी निधी, तिथली पक्षी संरक्षण संस्था आणि लंडनचं प्राणिसंग्रहालय चालवणारी झूलॉजिकल सोसायटीही होती.

आता खर्चाचा विचार करा. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. पिल्लू स्वतः वीण करण्याजोगं व्हायला पाच वर्षांच्या आसपास लागतात. खाऊ घालायच्या शेळ्यासुद्धा केंद्रात काही दिवस ठेवून, त्यांच्या अंगात औषध नाही याची खात्री करून मगच द्यायच्या. असं वर्षानुवर्षं सांभाळल्यावर कुठं पक्षी सोडता येतात. पिंजोरहून आणलेली गिधाडं २०२४ च्या सुरुवातीला आपल्या पेंच आणि ताडोब्यात पोहोचली. एखाद्या कंपनीनं एक वर्ष देणगी देऊन फोटो काढून घेतला, यानं असं काम होत नाही. त्याला वीस-पंचवीस वर्षं न कंटाळता पैसा देणारा लागतो आणि तेच प्राणिसंग्रहालयं करू शकतात, कारण त्यांच्या फाटकावर दर रविवारी गर्दी असतेच.

दुसरं आसामच्या बुटक्या रानडुकराचं. जेमतेम पंचवीस सेंटिमीटर उंचीचं हे डुक्कर संपलं असं समजत होते. १९७१ साली ते आसामात पुन्हा सापडलं. १९९६ मध्ये मानसच्या गवताळ रानातून सहा डुकरं पकडून गुवाहाटीजवळ त्यांची पैदास सुरू झाली. त्यामागं जेराल्ड ड्यूरेल यांनी जर्सी बेटावर १९५९ मध्ये स्थापलेल्या प्राणिसंग्रहालयाचा न्यास होता, आसाम वन विभाग आणि स्थानिक संस्थांच्या जोडीनं. २००८ पासून डुकरं पुन्हा रानात सोडली जाऊ लागली. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की प्राणी जर्सीला नेऊन दाखवण्याऐवजी पैसा आणि ज्ञान आसामला आणलं, आणि सोबत गवताळ रान जाळण्याच्या पद्धतीवरही काम केलं. डुक्कर वाढवून उपयोग काय, जर त्याचं गवतच उरणार नसेल?

म्हणजे प्राणिसंग्रहालयात पैदास करून सोडून दिलं की झालं?

नाही. अरबी ओरिक्स या हरणासारख्या प्राण्याची गोष्ट प्रत्येक वन्यजीवप्रेमीनं लक्षात ठेवावी. १९६३ मध्ये अमेरिकेत फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात जगभरातून ओरिक्स गोळा करून एक कळप बनवला. १९७२ च्या सुमारास रानातला शेवटचा प्राणी मारला गेला. त्या कळपाच्या वंशजांना १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात सोडलं. साऱ्या जगानं टाळ्या वाजवल्या आणि ती जागा जागतिक वारसा स्थळ झाली. मग चोरटी शिकार वाढली. १९९६ साली साडेचारशेच्या आसपास असलेले प्राणी काही वर्षांत ६५ वर आले. तेल आणि वायूच्या शोधासाठी अभयारण्याचं क्षेत्र मोठ्या प्रमाणात घटवलं. शेवटी २००७ मध्ये युनेस्कोनं त्या जागेचं नाव वारसा यादीतून काढलं. यादीतून नाव जाणारं ते जगातलं पहिलं ठिकाण.

राधानगरीही त्याच यादीत आहे, हे विसरू नका. रानाच्या रक्षणाला पैसा आणि निश्चय नसेल तर पैदास केंद्रातलं सगळं कष्टाचं काम वाया जाऊ शकतं.

मग प्राणिसंग्रहालयातले वाघ सह्याद्रीत का सोडत नाहीत?

माणसाच्या हातून खाल्लेल्या वाघाला शिकार येत नाही, माणसाची भीती नसते, आणि तो गावात शिरण्याचा धोका मोठा. म्हणून सह्याद्रीत वाघ आणायचं ठरलं तेव्हा ते ताडोबा आणि पेंचच्या रानांतूनच आणायचं ठरलं.

जगभरातून खरोखर किती पैसा रानापर्यंत जातो?

२००८ सालच्या आकड्यांवरून केलेल्या एका जागतिक अभ्यासात असं आढळलं की प्राणिसंग्रहालयं आणि मत्स्यालयांना वर्षाला ७० कोटींहून जास्त भेटी होतात आणि ती मिळून रानातल्या संवर्धनावर सुमारे ३५ कोटी डॉलर खर्च करतात. भागाकार करून पाहा: एका भेटीमागं अर्धा डॉलर. एकूण रक्कम जगातल्या मोठ्या निसर्गसंस्थांच्या तोडीची आहे आणि त्याबद्दल कृतज्ञ राहिलं पाहिजे. पण भेटीमागं अर्धा डॉलर हे फार थोडं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातही मोठा भाग मोजक्या श्रीमंत संस्थांचा. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेनं सदस्यांपुढे वार्षिक खर्चाच्या किमान तीन टक्के रानासाठी देण्याचं लक्ष्य ठेवलं आहे. भारतातल्या प्रत्येक प्राणिसंग्रहालयानं निदान एक टक्क्यानं सुरुवात करावी.

हाच पैसा आम्ही थेट जंगलाला दिला तर?

जरूर द्या. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २००६ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी संवर्धन प्रतिष्ठान स्थापण्याची कायद्यात तरतूद आहे आणि ते देणगी स्वीकारू शकतं. पण जो माणूस जंगलासाठी कधीच धनादेश फाडणार नाही, तोही मुलांना घेऊन प्राणिसंग्रहालयात जातो. त्याच्या खिशातला रुपया रानात नेण्याचा तो एकच रस्ता आहे.

वाघ-गोरिलांना पैसा मिळतो. आमच्या खवले मांजराला कोण विचारतं?

दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. मोठ्या डोळ्यांचा, केसाळ, देखणा प्राणी असेल तर पेटी भरते. खवले मांजर रात्री हिंडतं, मुंग्या-वाळवी खातं, पिंजऱ्यात जगवणं अवघड आणि दाखवायला तर त्याहून अवघड. ओडिशात नंदनकाननला त्याच्या पैदासीचं केंद्र आहे. आपल्याकडं मात्र कोकण आणि घाटात त्याची चोरटी शिकार चालूच आहे. खवल्यांना औषधी गुण नाहीत. ती आपल्या नखांसारख्याच द्रव्याची बनलेली असतात. कोळसून म्हणजे रानकुत्रा, आंबोलीच्या सड्यांवरचा चिमुकला भेक, यांनाही कुणी दत्तक घेत नाही.

यावर एक उपाय आहे: वाघाच्या नावानं पैसा गोळा करायचा आणि तो वाघाच्या पूर्ण रानावर खर्च करायचा. सह्याद्रीतलं वाघाचं रान राखलं तर गवा, कोळसून, खवले मांजर आणि राधानगरी-काळम्मावाडी धरणांचं पाणीसुद्धा राखलं जातं. दुसरा उपाय म्हणजे प्राणिसंग्रहालयांनी आपल्या परिसरातल्या दुर्लक्षित जातींसाठी मुद्दाम पेट्या ठेवायच्या. कात्रजला किंवा भुतरामनहट्टीला खवले मांजराच्या नावाची पेटी दिसली, तर मी तिथं येणाऱ्या प्रत्येकाला थांबून पैसे टाकायला सांगेन.

नांदणीच्या माधुरी हत्तिणीचं प्रकरण याच विषयात येतं का?

नाही, आणि दोन्हींची गल्लत करू नये. २०२५ च्या जुलैमध्ये न्यायालयाच्या आदेशानं नांदणीच्या जैन मठातली माधुरी जामनगरच्या वनतारा केंद्रात गेली तेव्हा साऱ्या जिल्ह्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो प्रश्न एका पाळीव हत्तिणीच्या देखभालीचा आणि लोकांच्या श्रद्धेचा होता. रानातल्या हत्तींचा प्रश्न वेगळा. ते कर्नाटकातून चंदगड-आजऱ्यात येतात, ऊस आणि भात तुडवतात, शेतकरी हवालदिल होतो. माधुरीसाठी लाखो लोक जी माया घेऊन रस्त्यावर आले, तिचा थोडा अंश आजऱ्याच्या त्या शेतकऱ्याला वेळेवर भरपाई मिळण्यासाठी आणि हत्तींच्या वाटा मोकळ्या राहण्यासाठी वळला तर फार मोठं काम होईल.

आमचा कारखाना सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, मदत करू शकतो का?

हो. ज्या कंपनीचा निव्वळ नफा पाच कोटी, उलाढाल हजार कोटी किंवा निव्वळ मालमत्ता पाचशे कोटी यांपैकी एक अट पुरी करते, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. वनस्पती-प्राण्यांचं रक्षण आणि प्राणीकल्याण त्या यादीत आहे. मदत घेणाऱ्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी झालेली आहे का ते पाहा. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या उद्योजकांना माझी सूचना: एका वर्षाऐवजी पाच वर्षांचा करार करा आणि कॅमेरा ट्रॅपबरोबर तो लावायला जाणाऱ्या माणसाच्या पगाराचीही सोय करा. यंत्र देणारे पुष्कळ मिळतात, पगार देणारे मिळत नाहीत.

देणगी देताना फसवणूक होऊ नये म्हणून काय पाहायचं?

संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, देणगीवर करसवलत मिळवून देणारं ८०जी प्रमाणपत्र चालू आहे का, आणि गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल दाखवतात का, हे विचारा. करसवलत जुन्या कररचनेतच मिळते आणि दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरली जात नाही. महापालिकेचं प्राणिसंग्रहालय असेल तर माहितीच्या अधिकारात जमाखर्च मागता येतो. पिल्लाला मांडीवर घेऊन फोटो काढू देणाऱ्या, वन्यप्राणी हाताळू देणाऱ्या ठिकाणी एक पैसाही देऊ नका.

शाळेची सहल न्यायची आहे. मुलांकडून काय करून घेऊ?

प्रत्येक मुलाला एक प्राणी वाटून द्या. तो रानात कुठं राहतो, त्याला कशाचा धोका आहे आणि या प्राणिसंग्रहालयानं त्या रानासाठी काय केलं, हे त्यानं शोधायचं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पाटीवर नसेल तर रखवालदाराला, मग कार्यालयात विचारायचं. परत आल्यावर वर्गानं संचालकांना पत्र लिहायचं. पंचवीस शाळांची अशी पत्रं गेली की कार्यालयाला उत्तर तयार ठेवावं लागेल. आणि प्राण्यांना खायला घालणं, खडे मारणं, डिवचणं हा कायद्यानं गुन्हा आहे, हे बसमध्ये बसायच्या आधीच सांगा.

कोल्हापुरात बसून आम्ही स्वतः निधी उभा करू शकतो का?

अमेरिकेतले प्राणिरक्षक, म्हणजे पिंजरे साफ करणारी, चारा घालणारी माणसं, १९९० पासून दरवर्षी गावोगाव बोलिंगचे सामने भरवतात आणि जमलेला पैसा केनियातल्या आणि इंडोनेशियातल्या गेंड्यांसाठी पाठवतात. त्यांचे पगार मोठे नाहीत. त्यांना खेळ आवडतो आणि गेंडा आवडतो, एवढ्यावर त्यांनी हे तीस वर्षांहून जास्त चालवलं आहे.

आपल्याकडं शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचे फुटबॉल सामने लागले की उभं राहायला जागा नसते. एका सामन्याचं तिकीट दाजीपूरच्या वनमजुरांच्या रेनकोट, बूट आणि टॉर्चसाठी ठेवता येईल. तालमींनी मैदान भरवताना एक कुस्ती गव्याच्या नावानं लावावी, बक्षिसाएवढीच रक्कम रानाला जाहीर करावी. मंडळांनी देखाव्याच्या खर्चातला वाटा काढावा. पैसे कुणाला द्यायचे, काय घ्यायचं, हे आधी वन विभागाशी बोलून लेखी ठरवा, म्हणजे नको असलेल्या वस्तूंचा ढीग पडत नाही. पावसाळ्याआधी मागणी वेगळी असते, मार्चमध्ये वणव्याच्या दिवसांत वेगळी. जमलेली रक्कम आणि झालेली खरेदी त्याच स्टेडियमच्या फलकावर लावा, पावतीच्या छायाप्रतीसकट.